दोन शब्दांत अँब्रोझ

अँब्रोझ डिन्सडेलच्या तोंडून पूर्ण वाक्य मी फार थोड्या वेळा ऐकलं. त्याला दोन शब्द पुरत. पहिला शब्द काम कसं झालं ते सांगे, दुसरा काय झालं ते. कुणी केलं हे तो कधी सांगत नसे. ज्याने केलं असेल त्याचे कान आपोआप लाल होत.

"बॅडली लेड," तो म्हणे. वाईट रचलेलं. "हाफ फिल्ड." अर्धवट भरलेलं. अगदीच खूष झाला तर तिसरा शब्द जोडी, "नॉट बॅडली डन", म्हणजे वाईट केलेलं नाही. स्तुतीची याच्या वरची पायरी त्याच्याकडे जवळजवळ नव्हतीच.

इंग्रजांच्या मुलखात, थॉर्नबेकच्या खोऱ्यात तो गडगे बांधायचा. आमच्या कोकणात असतात तसेच. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. फक्त इथले गडगे डोंगराच्या पार माथ्यापर्यंत जातात आणि मेंढ्या ते आपल्यासाठीच घातलेत अशा ऐटीत त्यांच्या आडोशाला बसतात. खालच्या गावातली कापडगिरणी बंद पडली तेव्हा मी काम शोधत वर आलो. अँब्रोझने माझे हात उलटेसुलटे करून पाहिले.

"सॉफ्टली केप्ट," तो म्हणाला. मऊ ठेवलेले. आणि हातोडी माझ्याकडे फेकली.

पहिल्याच सकाळी मी एक दगड उचलला, भिंतीवर धरून पाहिला, बसेना म्हणून खाली ठेवायला वाकलो.

"उचललास?" मागून आवाज आला.

"हो. पण बसत नाही."

"मग जागा शोध. उचललेला दगड खाली जात नाही."

"नाहीच बसला तर?"

"मग तू न बघता उचललास, पोरा."

हा या धंद्यातला जुना दंडक. दगड एकदा हातात घेतला की तो भिंतीतच गेला पाहिजे. उचलण्याआधी डोळ्यांनी काम करायचं म्हणजे पाठ वाचते. बारा दगडांचं वजन असल्यासारखा तो एक दगड घेऊन मी भिंतीच्या कडेने हिंडलो. शेवटी जागा सापडली. त्यानंतर मी न बघता दगड उचलला नाही.

माझं इंग्रजी असं अँब्रोझच्या भिंतीवर तयार झालं. माझी बायको सुमन रत्नागिरीच्या शाळेत व्याकरण शिकून आलेली. ती एकदा म्हणाली, "अहो, तुमच्या वाक्यात क्रियापद कुठं असतं?"

मी म्हटलं, "अँब्रोझकडे काम चालू असताना कुणी बोलत नाही. काम संपलं की बोलतात. म्हणून आमची सगळी क्रियापदं झालेली, केलेली, पडलेली अशीच असतात."

एकदा पाठ धरली म्हणून डॉक्टरकडे गेलो. कसं वाटतंय, त्याने विचारलं. मला येत होतं ते मी सांगितलं. "लूजली पॅक्ड. बॅडली शिफ्टेड." सैल भरलेलं, वाईट सरकलेलं.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "डिन्सडेलकडे कामाला का तुम्ही?"

"हो."

"तरीच. झोपा पालथे."

पण खरं सांगतो, त्या बोलीत फार काही बसतं. इंग्रजांचं 'पुट' हे क्रियापद घ्या. नुसतं असलं तर साधा दगड. त्याच्या मागे दगडाची कुठली कपची ठोकाल त्यावर तो कुठल्या तोंडाने बसेल ते ठरतं. 'पुट अप' म्हणजे उभं करणं. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं. 'पुट अप विथ' म्हणजे सोसणं. थेल्मा डिन्सडेल ही तिन्ही कामं एका वेळी करत असे. ती अँब्रोझची बायको.

थेल्मा शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तिथली भांडी उचलून तिचे दंड आमच्यासारखेच झाले होते. ती मोठ्याने हसे, भरभर विणे, आणि अँब्रोझ जितकं बोलत नसे तितकं सगळं स्वतः बोले. एक गोष्ट मात्र मी त्यांच्या घरी जेवायला जाऊ लागल्यावर पाहिली. बाहेर हा माणूस पाद्र्याच्या प्रवचनालाही सोडत नसे. "लाँगली ड्रॉन," तो चर्चच्या दारातच म्हणे, लांबवलेलं. आणि पाद्री ते ऐकून पुढच्या रविवारी थोडं आवरतं घेई. घरात मात्र त्याचा एकच शब्द. "ठीक." मटण ठीक, पडदे ठीक, नवा कोट ठीक. घरामागे थेल्माने कोंबड्यांसाठी स्वतः गडगा घातला होता. तोही ठीक.

ऑगस्टच्या शेवटी खोऱ्याचा मेळा भरतो. मेंढे, कांदे, केक, विणकाम, आणि गडग्यांची स्पर्धा. त्या वर्षी हौशी गटाचा परीक्षक अँब्रोझ होता. मेळ्याच्या आधी एका रविवारी आम्ही तिघे चहा घेत होतो. फळांचा केक, त्यावर चीजचा तुकडा. थेल्मा म्हणाली, "यंदा मी उतरणार आहे."

"केकमध्ये?" अँब्रोझने विचारलं.

"गडग्यात. नाव दिलंय."

त्याने केक बशीत ठेवला. "परीक्षक मी आहे."

"म्हणूनच."

"लोक काय म्हणतील?"

"लोक इतकी वर्षं म्हणताहेत की थेल्माने याच्याबरोबर दिवस काढले तरी कसे. त्यांना जरा नवीन विषय मिळेल."

"अगं, गडगा म्हणजे कोंबड्यांचं कुंपण नव्हे."

"कोंबड्यांचं कुंपण जवळ जाऊन पाहिलंस कधी?"

"पाहिलं."

"मग?"

अँब्रोझने माझ्याकडे पाहिलं. मी केककडे पाहिलं. "उभं आहे," तो म्हणाला.

"ऐकलंस ना?" थेल्मा मला म्हणाली. "परक्याच्या भिंतीपुढे गुडघे टेकून बसतो हा. आत हात घालतो, वास घेतो की काय कोण जाणे. आणि माझ्या कामाला, उभं आहे!" मग ती त्याच्याकडे वळली. आवाज खाली आला होता. "हे बघ अँब्रोझ. मला बायको म्हणून सूट नको. वाईट असेल तर वाईट म्हण. चारचौघांत म्हण. पण दगडाकडे बघतोस तसं एकदा माझ्या कामाकडे बघ आणि मग बोल. तेवढंच हवंय मला."

अँब्रोझने केक पुन्हा उचलला. बराच वेळ चावला. "ठीक," तो म्हणाला.

तिने किटली जोरात आपटली.

स्पर्धेची रीत साधी. प्रत्येकाला जुन्या गडग्याचा एक तुकडा नेमून देतात. तो पायापर्यंत उतरवायचा आणि दिवसभरात पुन्हा चढवायचा. परीक्षकाला तोवर बिअरच्या तंबूत बसवून ठेवतात. काम थांबायची शिट्टी झाली की बांधणारे दोरीमागे गर्दीत जातात, आणि परीक्षक येऊन नुसते आकडे पाहून न्याय देतो. कुठला गडगा कुणाचा हे त्याला कळता कामा नये. आकड्यांच्या खुंट्या ठोकायचं काम माझ्याकडे होतं. थेल्माला चौथा तुकडा आला. सहावा आला लाइटफूटला. हे मला ठाऊक होतं, आणि तोंड उघडायची मला बंदी होती.

लाइटफूट मेंढ्यांच्या बाजारातला लिलाववाला. चांगला माणूस, पण गप्प बसण्याचा सराव नाही. दगड उचलला की लाइटफूट तोही विकायला काढी. "हा बघा, काय रुंद खांदा! असा खांदा खोऱ्यात दुसरा नाही!" आणि दगड नको तिथे ठेवून देई. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याच्या भिंतीला पोट सुटलं.

थेल्मा बोलत नव्हती. मी तिला इतका वेळ गप्प प्रथमच पाहिलं. उतरवलेले दगड तिने मापाप्रमाणे गवतावर मांडले, मोठे जवळ, लहान लांब. पाया सरळ घेतला. प्रत्येक सांध्यावर पुढचा दगड आडवा गेला. दोन्ही बाजूंच्या मधल्या पोकळीत, म्हणजे गडग्याच्या पोटात, ती बारीक दगड एकेक करून बसवत होती. बहुतेक लोक तिथे बादलीने ओततात. बाहेरून दिसत नाही म्हणून. पाच हिवाळ्यांनी दिसतं.

दुपारनंतर लाइटफूट गवतावर आडवा झाला. चेहरा बीटासारखा. थेल्माच्या भिंतीचा माथा, म्हणजे सगळ्यात वरचा उभ्या दगडांचा थर, चढवायचा राहिला होता, तरी ती हात पुसून त्याच्याकडे गेली. तिचा चहाचा फ्लास्क तिने त्याला दिला. फ्लास्कला तिने विणलेली तपकिरी-पिवळी टोपी होती. खोऱ्यात तसली दुसरी नाही, कारण तशी लोकर कुणी दुसऱ्यांदा विकत घेत नाही.

"प्या," ती म्हणाली. "आणि थोडं कमी बोला. दगडांनाही कान असतात."

"थेल्माबाई, तुम्ही देवदूत आहात."

"मला माथा चढवायचाय. देवदूत नंतर होईन."

तो उठून बसेपर्यंत ती थांबली. परत येऊन तिने माथ्याचे उभे दगड भराभर लावले. शिट्टी झाली तेव्हा शेवटचा दगड तिच्या हातातून नुकता सुटला होता. फ्लास्क सहाव्या खुंटीपाशी तसाच राहिला.

अँब्रोझ तंबूतून आला. दोरीपलीकडे सगळं खोरं उभं होतं. थेल्मा स्पर्धेला उतरली ही बातमी मेंढ्यांनाही कळली होती.

पहिल्यापुढे तो म्हणाला, "थिनली फिल्ड." पातळ भरलेला. दुसऱ्यापुढे, "नॉट बॅडली डन," आणि गर्दीत कुजबुज झाली. तिसऱ्यापुढे त्याने नुसती मान हलवली.

चौथ्यापुढे तो गुडघ्यांवर बसला. एका बाजूने डोळा लावून ओळ पाहिली. मग सांध्यातून बोटं आत घातली, मनगटापर्यंत, आणि डोळे मिटले. दोरीमागे थेल्मा लाइटफूटच्या खांद्याआडून पाहत होती.

"वेल हार्टेड," अँब्रोझ म्हणाला. पोट नीट भरलेलं.

हे शब्द मी त्याच्या तोंडून कामाच्या सगळ्या वर्षांत बोटांवर मोजण्याइतके ऐकलेत. तो उठला, वर पाहिलं, माथ्याच्या दगडांवरून तळवा फिरवला. "हेस्टिली टॉप्ड." घाईत झाकलेला. मला म्हणाला, "लिहून घे. दोन्ही."

पाचवा सोडून देण्यासारखाच होता. मग तो सहाव्यापाशी आला, आणि त्याला फ्लास्क दिसला.

त्याने त्या लोकरीकडे पाहिलं. मग भिंतीच्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं. मग पुन्हा लोकरीकडे. या माणसाचा चेहरा मी पावसात, बर्फात, आणि एकदा पायावर दगड पडला तेव्हा पाहिलाय. असा कधी पाहिला नव्हता. त्याने माथ्याच्या टोकाच्या दगडाला एका बोटाने हात लावला. दगड डुलला. परीक्षकाच्या हाताने माथा पडला तर भिंत बाद, असा नियम आहे. त्याने बोट चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

नंतर तो बुटाची नाडी बांधायला वाकला. तो नाडीचे बूट घालत नसे.

वर आला तेव्हा त्याच्या मुठीत एक चपटी कपची होती. त्याची पाठ दाराएवढी. दोरीमागून कुणाला काही दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

"अँब्रोझ," मी हळूच म्हटलं.

"गप."

"खाली ठेव ती."

त्याच्या कपाळावर घाम होता. "उचललीय," तो म्हणाला.

दंडक त्यानेच शिकवलेला. त्याने कपची डुलणाऱ्या दगडाखाली सरकवली, तळव्याने एकदा ठोकली, मग सगळ्यांना दिसेल असा तो दगड दोन्ही हातांनी हलवला. दगड हलला नाही.

"फर्मली सेट," अँब्रोझने मोठ्याने जाहीर केलं. पक्का बसवलेला. कुणी बसवला हे नेहमीप्रमाणेच सांगितलं नाही.

निकाल मिसेस फॉदरगिल वाचतात. मेळ्याच्या अध्यक्ष. त्यांच्या टोपीवर एक अख्खा पक्षी असतो. "हौशी गट. पहिला, क्रमांक दोन, एडविन कॅल्व्हर्ट. दुसरा, क्रमांक चार, थेल्मा डिन्सडेल."

टाळ्या कडाडल्या, दोघांच्या गळ्यात फिती पडल्या. अँब्रोझ एकटा हलला नाही. "चार?" तो म्हणाला.

"तिसरा, क्रमांक सहा, मिस्टर लाइटफूट."

"सहा कुणाचा?"

"माझा!" लाइटफूट ओरडला. त्याच्या हातात फ्लास्क होता. "मला वाटलंच नव्हतं, डिन्सडेल! पक्का बसवलेला! ऐकलंत ना सगळ्यांनी?"

"तो फ्लास्क..."

"तुमच्या मिसेसनी दिला. मी मरायला टेकलो होतो."

अँब्रोझ गप्प बसला असता तर प्रकरण तिथेच मिटतं. मी बोललो नसतो. लाइटफूटच्या गळ्यात फीत पडली असती आणि पुढचा महिनाभर त्याने मेंढ्यांना ती गोष्ट सांगितली असती. पण अँब्रोझने टोपी काढली.

"सहामध्ये एक कपची बसवली गेलीय," तो म्हणाला. "शिट्टीनंतर."

दोरीमागून थेल्माचा आवाज आला. "कुणी बसवली?"

"बसवली गेली. बस."

"कपचीला पाय नसतात, अँब्रोझ. कुणी?"

तो टोपी हातात फिरवत राहिला. एवढा वेळ तर त्याने चौथ्यापुढेही घेतला नव्हता. "मी," तो म्हणाला.

"का?"

"डुलत होता."

"डुलणारे दगड तू आयुष्यभर पाडत आलास. याला का टेकू दिलास?"

"फ्लास्क होता तिथं," अँब्रोझ म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

आधी कुणाला कळलं नाही. मग मागच्या बाजूला एक म्हातारा मेंढपाळ खो खो हसू लागला आणि बघता बघता सगळं खोरं हसायला लागलं. मिसेस फॉदरगिलच्या टोपीवरचा पक्षीही थरथरला. लाइटफूटने विचारलं, "म्हणजे माझी भिंत पक्की नाही?" थेल्मा तेवढी हसत नव्हती.

मिसेस फॉदरगिलनी मेळ्याच्या समितीतल्या दोघांशी विचारविनिमय केला. परीक्षकाने भिंतीत स्वतः दगड घातला तर तो परीक्षक नाही, आणि परीक्षक नाही तर निकालही नाही. हौशी गट रद्द. थेल्माने गळ्यातली फीत काढून परत दिली.

"माझं काय चुकलं?" एडविन कॅल्व्हर्ट म्हणाला. विशीतला पोरगा, रडवेला झाला होता.

"काही नाही, बाळा," थेल्मा म्हणाली. "याला बक्षिसाची ती पोर्क पाय तरी द्या हो. सकाळपासून राबलाय." मांस भरून भाजलेली ती पाय त्याला मिळाली.

लोक बिअरकडे वळले. अँब्रोझ चौथ्या खुंटीपाशी उभा होता. थेल्मा त्याच्यासमोर आली. मी खुंट्या उपटत होतो, त्यामुळे ऐकू येत होतं.

"म्हणजे पडायला आलेली भिंत दिसली, ती तुला माझीच वाटली."

"फ्लास्क तिथं..."

"फ्लास्कचं नाव काढू नकोस. इतकी वर्षं माझ्या हातचं खातोस. हात ओळखता आला नाही?"

अँब्रोझने चौथ्या भिंतीकडे पाहिलं. "ओळखायला हवा होता," तो म्हणाला. "शाळेतल्या पोरांची पोटं भरतेस तशीच भरलीयस. कोपऱ्याकोपऱ्यात."

इतकं लांब वाक्य तो यापूर्वी कधी बोलला असेल तर मला माहीत नाही.

थेल्माने हाताची घडी घातली. "चारला काय म्हणालास, ते म्हणताना ती माझी आहे हे ठाऊक नव्हतं ना?"

"नव्हतं."

"ठाऊक असतं तर?"

त्याने विचार केला. खोटं बोलणं त्याला झेपत नसे. "तर कपची शोधत बसलो असतो."

तिने ओठ घट्ट मिटले. हसू दाबत होती की राग, ते मला सांगता येणार नाही, बहुधा दोन्ही. "आणि आता ठाऊक आहे. आता काय म्हणतोस?"

"तेच. पोट नीट भरलेलं."

"आणि माथा?"

"घाईत झाकलेला."

"बदलत नाहीस?"

"नाही."

"बदलूही नकोस," ती म्हणाली. तिने बाह्या वर केल्या आणि माथ्याचा पहिला दगड उतरवला.

मंडपाचे खांब निघत होते, मेंढ्या गाड्यांत चढत होत्या. लाइटफूट कुणालातरी आपलं तिसरं बक्षीस किती थोडक्यात हुकलं ते सांगत होता. थेल्मा एकेक दगड पाहून, मगच उचलून पुन्हा लावत होती. अँब्रोझ मदतीला पुढे सरकला तशी ती म्हणाली, "हात लावलास तर घरी यायचं नाही."

तो गवतावर बसला. एका दगडाचा टेकू चुकतोय हे त्याला दिसलं, मलाही दिसलं. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि मग दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसून राहिला. थोड्या वेळाने तिने स्वतःच तो दगड काढला आणि फिरवून लावला.

"चहा देऊ का?" मी त्याला विचारलं.

"हात मोकळे नाहीत," अँब्रोझ म्हणाला.